खंड पडल्यावर पुन्हा सुरुवात: आधी काय, मग काय

दिवाळी संपली की पहिल्या सोमवारी आमच्या नाशिकात कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकबाहेर गाडी लावायला जागा मिळत नाही. नवे बूट, नव्या बाटल्या, मनगटावर नवी घड्याळं. पंधरा दिवसांनी जाऊन बघा, पुन्हा आपले तेच नेहमीचे चेहरे. गळालेले लोक आळशी होते असं मला वाटत नाही, कारण त्यांच्यात मीही चार वेळा होते. चुकतो तो क्रम. आहार आणि व्यायाम दोन्ही एकाच दिवशी सुरू होतात, तेही जिथे सोडले होते त्याच पातळीवर, आणि घरात चकलीचा डबा अजून अर्धा भरलेला असतो.

खालचा क्रम साधारण आठ आठवड्यांचा आहे. पूर्वी सवय होती आणि मग तुटली, अशा माणसासाठी तो लिहिलाय. टप्पे पुढेमागे करू नका.

## टप्पा १. खंड मोजा

भिंतीवरचं कॅलेंडर काढा आणि शेवटचा नीट व्यायाम कोणत्या तारखेला केला ते शोधा. बहुतेकजण इथेच स्वतःला फसवतात. 'महिनाभर झाला असेल' असं म्हणतात आणि बघायला गेलं तर गणपतीपासून सगळं बंद असतं. आठवत नसेल तर मोबाइलमधले फोटो चाळा. मला माझा सात महिन्यांचा खंड असाच सापडला. ट्रॅकवरचा शेवटचा फोटो निघाला तो होळीच्या आधीचा, आणि मी इकडे 'पावसाळ्यात बंद पडलं' असं सगळ्यांना सांगत होते.

मोजायचं अशासाठी की शरीर सगळं एकाच वेगाने विसरत नाही. दम दोन-तीन आठवड्यांतच उतरू लागतो. ताकद त्यापेक्षा जास्त टिकते, आणि एकदा कमावलेला स्नायू पहिल्या वेळेपेक्षा लवकर परत येतो. पण स्नायू हाडाला जिथे बांधलेला असतो ती कंडरा फार सावकाश तयार होते. म्हणजे दम परत आला म्हणून तुम्ही जोर लावता तेव्हा टाच आणि गुडघा अजून तयार झालेले नसतात. टप्पा ७ मध्ये हे पुन्हा येईल.

सुरुवात कुठून करायची याचा मी धरते तो अंदाज असा:

- दहा-पंधरा दिवसांचा खंड: पूर्वीच्या निम्म्यावर सुरू करा, दोन आठवड्यांत जुन्या जागी या.
- एक ते तीन महिने: पूर्वीच्या एक तृतीयांशावर.
- त्याहून जास्त: नवशिके समजा. पूर्वी दहा किलोमीटर पळत होतात हे काही दिवस विसरा.

हा अंदाज आहे, पंचांग नव्हे. वय पन्नाशीपुढे असेल तर एक पायरी खालूनच सुरू करा.

तारखेशेजारी खंडाचं कारणही लिहा. सणवार आणि लग्नसराईमुळे सुटलं असेल तर मुख्य काम स्वयंपाकघरात आहे. कामाची पाळी बदलली, ऑफिस लांब गेलं, तर प्रश्न वेळेचा आहे आणि कोणताही डाएट प्लॅन तो सोडवणार नाही. डेंग्यू, टायफॉइड किंवा साध्या तापामुळे सुटलं असेल तर ताप उतरला तो दिवस व्यायामाचा पहिला दिवस नसतो. घरातली रोजची कामं, जिना, भाजी आणणं, हे आठवडाभर दम न लागता जमू द्या. त्यानंतर टप्पा ४. दुखापत असेल तर आधी फिजिओथेरपिस्ट. आणि कशातच मन लागत नाही, झोप नाही, असं कित्येक आठवडे चाललं असेल तर ते डॉक्टरांना सांगा. त्याला आळस म्हणून वर स्वतःलाच शिव्या घालू नका.

सावधान: जिना चढताना छातीत दाब किंवा जळजळ होते, मध्येच चक्कर येते, हृदयविकार आहे, रक्तदाब आटोक्यात नाही, नुकतीच शस्त्रक्रिया किंवा बाळंतपण झालंय, अशांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आणखी जपा. जेवण कमी आणि चालणं जास्त, असं एकाच आठवड्यात केलं तर साखर झपकन उतरू शकते. औषधाचा डोस बदलायचा का हे डॉक्टर ठरवतील. तोवर खिशात साखरेची पुडी किंवा ग्लुकोज ठेवा.

## टप्पा २. घर आवरा

याला दोन दिवस लागतात आणि लोक नेमका हाच टप्पा गाळतात.

फराळ उरलेला आहे हे गृहीत धरू. फेकू नका, फेकवणार नाहीच. तीन भाग करा. एक वाटा ऑफिसला, सोसायटीच्या वॉचमनदादांना, कामाच्या ताईंना. दुसरा स्टीलच्या डब्यात, झाकण घट्ट, माळ्यावर. तिसरा, घरच्यांना चार दिवस पुरेल इतकाच, हाताशी. काचेची बरणी ओट्यावर ठेवू नका. येता-जाता दिसते, येता-जाता हात जातो. माझ्या सासूबाईंना हे पटायला वेळ लागला. "सणाचं आहे गं, खा की," असं त्या चारदा म्हणायच्या आणि मी चारदा खायचे. आता मी म्हणते, "आई, डब्यात घालून द्या, उद्या दुपारी खाते." त्या नाराज होत नाहीत आणि मी खोटंही बोलत नाही. उद्या दुपारी खरंच खाते.

मग बाजार. बुधवारी गंगाघाटावरच्या बाजारात जाणं होत असेल तर उत्तम, नाहीतर दारावरची गाडी. काकडी, गाजर, मुळा, मेथी, पेरू. किराण्यात मटकी, हिरवे मूग, फुटाणे, शेंगदाणे. मोडाची मटकी रविवारी सकाळी भिजवा, रात्री फडक्यात बांधा, सोमवारी संध्याकाळी तयार. थंडीत मोड यायला आणखी अर्धा दिवस धरा.

नवी तेलाची पिशवी डब्यात ओतताना डब्यावर मार्करने तारीख टाका. तेल माणशी महिन्याला अर्धा लिटरच्या आसपास असावं, म्हणजे चौघांच्या घरात एक लिटर साधारण पंधरा दिवस पुरलं पाहिजे. आठव्या दिवशी डबा तळाला गेला तर जास्तीचं तेल कुठे जातंय हे बघायला हवं, आणि ते कढईत जातंय हे तुम्हालाही माहीत आहे.

बूट. वर्षभर माळ्यावर पडलेले बूट दिसायला नवे वाटतात, पण तळ सुकलेला असतो. हातात धरून वाकवा, अंगठ्याने तळ दाबून बघा, टाचेची एक बाजू झिजली आहे का पाहा. माझ्या एका बुटाचा तळ ट्रॅकच्या दुसऱ्या फेरीत जिभेसारखा लोंबत बाहेर आला होता. रबर बँड लावून घरी आले.

वजनकाटा पलंगाखाली सरकवा. सणाच्या पाच दिवसांत काटा दोन किलो वर गेला, म्हणजे दोन किलो चरबी चढली असं नसतं. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. रोजच्या गरजेपेक्षा ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या तरी त्याला पंधरा दिवस लागतील. बाकीचं बरंचसं पाणी असतं. मिठाने शरीर पाणी धरतं, आणि स्नायू-यकृतात साठणाऱ्या प्रत्येक ग्रॅम साखरेबरोबर जवळपास तीन ग्रॅम पाणी साठतं. हेच पाणी पहिल्या आठवड्यात निघून जातं आणि 'सात दिवसांत तीन किलो' अशा जाहिराती खऱ्या वाटतात. त्याऐवजी बेंबीच्या पातळीवर टेपने पोट मोजून लिहा. पुरुषांचं ९० सेंटीमीटरच्या आणि बायकांचं ८० सेंटीमीटरच्या आत असावं, असं आपल्याकडे धरतात. पुढचं माप चौथ्या आठवड्यात.

तपासणी: फराळ नजरेआड? मटकी भिजली? तेलावर तारीख? बुटाचा तळ शाबूत? चारही 'हो' असतील तरच पुढे.

## टप्पा ३. झोपेपासून मागे मोजा

'उद्यापासून पाचला उठणार' हा संकल्प रात्री साडेबाराला मालिका बघत केला जातो. पहिले तीन दिवस जमतो, चौथ्या दिवशी गजर बंद.

उठायची वेळ ठरवण्याआधी झोपायची ठरवा आणि तीही एकदम नको, दर तीन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे आणा. सात तास होत नसतील तर सकाळचा हट्ट सोडा. अंबड-सातपूरच्या कारखान्यात पहिली पाळी करणाऱ्याने पहाटे चारला उठून पळायची गरज नाही. तो दुपारी घरी आल्यावर, चहाआधी, चालू शकतो. संध्याकाळचं चालणं सकाळच्या चालण्यापेक्षा कमी प्रतीचं आहे हा समज कुठून आला कोण जाणे.

थंडीत आणखी एक गोष्ट. निफाडचा घसरलेला पारा पेपरात पहिल्या पानावर झळकू लागला की रक्तदाब आणि दम्याच्या लोकांनी ऊन पडल्यावरच बाहेर पडावं. मफलर बांधून पाचला निघण्यात काही मर्दुमकी नाही.

## टप्पा ४. पहिले दोन आठवडे फक्त चालणं

पळणं नाही, जिम नाही, दोरीच्या उड्या नाहीत, सूर्यनमस्काराचे संकल्प नाहीत.

१. पहिला आठवडा: रोज १५ मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस.
२. दुसरा आठवडा: २० मिनिटं, पाच दिवस.
३. तिसरा: २५. चौथा: ३०.

चौथ्या आठवड्यात बेरीज १५० मिनिटं होते. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान एवढ्या मध्यम व्यायामाची शिफारस करते, आणि आपण तिथे महिन्याने पोचतोय. घाई नाही.

वेग कसा ओळखायचा? शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये. गाता येत असेल तर थोडं झपझप चाला, वाक्य तुटत असेल तर हळू. पहिली आणि शेवटची तीन मिनिटं मुद्दाम सावकाश.

जागा सपाट निवडा. गोल्फ क्लब मैदानाचा ट्रॅक, कृषीनगर, इंदिरानगर, जे जवळ असेल ते. दहा मिनिटांपेक्षा लांब असेल तर ती तुमची जागा नव्हे, गल्लीतच फेऱ्या मारा. गोदाकाठ सुंदर आहे, पण पावसाळ्यात नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीपाशी पाणी चढू लागलं की तिथलं चालणं संपलं, आणि पूर ओसरल्यावरही कितीतरी दिवस शेवाळ आणि गाळ असतो.

आता डोंगरावरच्या पांडवलेणीबद्दल, कारण हा खास नाशिकचा घोळ आहे. खंडानंतरच्या पहिल्या रविवारी उत्साहाने लेणी चढायला जाणारे दर आठवड्याला दिसतात. मीही गेले होते, त्या सात महिन्यांच्या खंडानंतर. चढताना काही वाटलं नाही, वर उभं राहून फोटोही काढला. उतरताना मांड्या थरथरायला लागल्या. सोमवारी ठीक होते. मंगळवारी खुर्चीत बसताना दोन्ही हातांनी टेबल धरावं लागलं आणि ऑफिसच्या जिन्यावरून मी बाजूने, खेकड्यासारखी उतरत होते. खालच्या मजल्यावरचे साहेब म्हणाले, "मॅडम, लिफ्ट आहे." त्यानंतर दोन आठवडे काही केलं नाही, आणि सातचे आठ महिने कधी झाले कळलंच नाही.

कारण साधं आहे. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो, आणि सवय सुटलेल्या स्नायूला सगळ्यात जास्त ठणका त्यानेच लागतो. तो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोचतो, म्हणून त्याच दिवशी 'काही झालं नाही' असं वाटतं. पांडवलेणी, चामरलेणी, रामशेज हे सगळे चढ सहाव्या आठवड्यानंतर. अंजनेरी त्याच्याही पुढे.

ट्रॅकवरचे जुने ओळखीचे "काय वहिनी, गायबच झालात!" असं म्हणणार. कित्येकजण केवळ या वाक्याच्या भीतीने परत येत नाहीत. उत्तर आधीच ठरवून जा. मी "हो ना, आलेय परत" एवढंच म्हणते आणि चालत राहते. फारच संकोच वाटत असेल तर पहिला आठवडा अर्धा तास उशिरा जा.

सावधान: चालताना छातीत दाब, दुखणं डाव्या हातात किंवा जबड्यात सरकणं, थंड घाम, असं झालं तर 'गॅस असेल' म्हणून चालत राहू नका. तिथेच बसा आणि १०८ लावा.

## टप्पा ५. जेवण: आधी घाला, मग काढा

जेवणात पहिल्या आठवड्यात काहीही बंद करायचं नाही. टप्पा २ मधली आवराआवर पुरे. दुसऱ्या आठवड्यापासून हे सुरू करा, आणि सुरुवात रात्रीच्या जेवणापासून करू नका. सगळे तिथूनच करतात. भात बंद, पोळी एक, नाहीतर नुसतं सूप. मग रात्री अकराला फ्रिज उघडला जातो.

गडबड होते ती दुपारी चार ते सात या वेळात. आमच्या ऑफिसचंच घ्या. सकाळी नाश्ता पळत-पळत, एकला डबा, त्यात तीन पोळ्या आणि बटाट्याची भाजी. चारला चहाबरोबर बिस्किटं, साडेपाचला गेटबाहेर गाडीवर गरम तेलाचा वास. उलटा वडापाव समोर तळला जात असताना तत्त्व कुणाला आठवतं? तिथे निश्चयाचा उपयोग नाही, पोट भरलेलं असावं लागतं.

म्हणून पहिला बदल: चारला मूठभर फुटाणे किंवा शेंगदाणे आणि एक पेरू. सोबत ताक मिळालं तर छान. पिशवी रविवारीच पाच पुड्यांत बांधून ठेवा. हा एकच बदल आठवडाभर.

दुसरा बदल: प्रथिनं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार निरोगी मोठ्या माणसाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. ६० किलोच्या माणसाला म्हणजे ५० ग्रॅम. आपल्या रोजच्या ताटात ते कसे बसतात बघा: दोन अंडी १२, वाटीभर घट्ट उसळ ८, वाटीभर घट्ट वरण ६, वाटीभर दही ५, तीन पोळ्या ९, मूठभर फुटाणे ६, कपभर दूध ६. बेरीज ५२. अंडी खात नसाल तर तिथे ७० ग्रॅमच्या आसपास पनीर किंवा भिजवण्याआधीचे २५ ग्रॅम सोयाबीनचे चंक्स. वरण घट्ट हवं. पातळ पिवळ्या पाण्यात डाळ किती असते ते तळाशी चमचा फिरवून बघा.

तिसरा बदल, तिसऱ्या आठवड्यात: ताटातली जागा. अर्ध्या ताटात भाजी आणि कोशिंबीर, पाव भागात डाळ-उसळ, पाव भागात पोळी किंवा भात. बटाटा भाजी म्हणून मोजायचा नाही.

यानंतरच काढायचं. आधी गोड चहा आणि बिस्किटं, मग तळण, मग रात्रीचा दुसरा भात. एका आठवड्यात एकच.

इथल्या नेहमीच्या चुका:

भाकरी सुरू केली म्हणून दोन जास्त खाणं. बाजरी, नागली, ज्वारी चांगलीच, पण पिठाच्या कॅलरी गव्हाच्या जवळपास तेवढ्याच असतात, आणि आपली भाकरी पोळीपेक्षा चांगली जाड असते. वर लोण्याचा गोळा आला की हिशेब संपला.

उपासाला 'हलकं' म्हणून साबुदाणा खिचडी. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नाहीतच, आणि परतायला तूप आणि दाण्याचं कूट सढळ हाताने पडतं. उपास सोडू नका, भगर आणि दाण्याची आमटी करा, सोबत काकडीची कोशिंबीर आणि ताक.

द्राक्षाच्या हंगामात पेटी उघडून टीव्हीसमोर बसणं. वाटीत काढून घ्या. वाटी संपली की उठावं लागतं.

आणि मिसळ. रविवारची मिसळ सोडायचा सल्ला देणाऱ्याने नाशिकमध्ये राहू नये. आठवड्यातून एकदा खा, पण मटकी जास्त आणि तर्री वेगळी मागा, पाव दोनच, दही घ्या. रश्श्याच्या दुसऱ्या वाटीला, पापडाला आणि जिलबीला मिळून नाही म्हणा. तिन्हींपैकी एक हवंच असेल तर जिलबी. हे वैद्यकीय मत नाही, माझं आहे. फक्त मिसळ खाल्ली म्हणून त्या दिवशी रात्री उपाशी राहू नका आणि सोमवारी 'भरपाई' म्हणून दुप्पट चालू नका. एक जेवण बिघडलं तर पुढचं जेवण नेहमीसारखं, एवढंच. खंड पडतो तो मिसळीने नाही, 'आता बिघडलंच आहे तर आठवडा जाऊ दे' या विचाराने पडतो.

तपासणी: चारच्या पुडीचा आठवडा झाला का? रात्री अकराला भूक लागते का? लागत असेल तर दिवसा कमी खाताय, रात्री नव्हे.

## टप्पा ६. तिसऱ्या आठवड्यापासून ताकद

आठवड्यातून दोन दिवस, मध्ये किमान एक दिवस मोकळा. उदाहरणार्थ मंगळवार आणि शुक्रवार. घरातच:

१. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, ८ वेळा. बसताना धपकन नको, तीन मोजत.
२. भिंतीला हात टेकून जोर, ८ वेळा.
३. ओट्याला धरून टाचा उचलणं, १० वेळा.
४. दोन्ही हातांत एक-एक लिटरच्या पाण्याच्या बाटल्या घेऊन कोपरातून दुमडणं, १० वेळा.
५. पाठीवर झोपून गुडघे वाकवून कंबर उचलणं, ८ वेळा.

पहिल्या आठवड्यात एक फेरी, नंतर दोन. शेवटच्या दोन वेळा जड गेल्या तर बरोबर आहे, श्वास रोखावा लागला तर जास्त झालं. रक्तदाब असलेल्यांनी श्वास अजिबात रोखू नये, जोर लावताना सोडावा.

पूर्वी जिमला जात होतात तर जुनी वही घरी ठेवा. पहिल्या दिवशी निम्म्या वजनाने करा आणि अजून खूप शिल्लक आहे असं वाटत असतानाच थांबा. ट्रेनरने 'दादा, तुमचं तर साठ किलो होतं' असं डिवचलं तरी.

सावधान: दोन्ही बाजूंना सारखा, बोथट ठणका दोन-तीन दिवस राहणं सामान्य आहे. एका बाजूला, सांध्यात, टोचल्यासारखं दुखणं किंवा सूज सामान्य नाही, थांबा. आणि अतिरेकी व्यायामानंतर लघवी काळ्या चहासारखी होऊ लागली तर घरगुती उपाय न करता त्याच दिवशी दवाखाना गाठा. स्नायू तुटून त्यांतले घटक रक्तात आल्याची ती खूण असते आणि किडनीला धोका असतो.

## टप्पा ७. 'आता जमतंय' वाटण्याचा आठवडा

तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यात कधीतरी एक सकाळ अशी येते की पाय हलके वाटतात, दम लागत नाही, आणि पुढचा पळणारा मुलगा सहज गाठता येईल असं वाटतं. बहुतेक टाचा आणि गुडघे याच आठवड्यात जातात. दम तयार झाला, कंडरा अजून नाही.

रोज सकाळी अंथरुणातून उठण्याआधी मनगटावरची नाडी पूर्ण मिनिटभर मोजा. नेहमीपेक्षा आठ-दहा ठोके जास्त निघाले तर तो दिवस सावकाश चालण्याचा. पलंगावरून उतरताना पहिल्या पावलाला टाच टोचते का तेही बघा. टोचत असेल तर वेळ वाढवू नका, अनवाणी फिरणं बंद करा, पोटऱ्या ताणा.

पाचव्या आठवड्यापासून पळायचं असेल तर दोन मिनिटं चालणं, तीस सेकंद हळू पळणं, असं सहा वेळा, आठवड्यातून दोनदाच. एका आठवड्यात एकच गोष्ट वाढवा: वेळ किंवा वेग किंवा चढ. सातव्या-आठव्या आठवड्यात पांडवलेणी चढा, उतरताना कठड्याच्या बाजूने, थांबत. बुधवारी खुर्चीत नीट बसता आलं तर उत्तीर्ण.

## टप्पा ८. पुढच्या खंडाची तयारी आत्ताच

खंड पुन्हा पडणार आहे. भाचीचं लग्न, मुलाची दहावी, श्रावणातली संततधार, मेमधलं चाळिशीतलं ऊन. त्यासाठी किमान कार्यक्रम ठरवून ठेवा, म्हणजे खंड पूर्ण पडत नाही. माझा असा आहे: दहा मिनिटं कुठेही चालणं, हॉस्पिटलच्या व्हरांड्यातसुद्धा, खुर्चीवरून आठ वेळा उठणं, आणि पर्समध्ये फुटाण्याची पुडी. सासूबाईंच्या दुसऱ्या ऑपरेशनच्या वेळी अकरा दिवस एवढंच केलं. बाराव्या दिवशी ट्रॅकवर गेले तेव्हा पंधरा मिनिटांपासून नाही, वीसपासून सुरू करता आलं.

हे कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. खाली तीन रकाने: खंड सुरू झाल्याची तारीख, कारण, परत आल्याची तारीख. माझ्या कागदावर पहिली नोंद आठ महिन्यांची आहे, दुसरी सात आठवड्यांची, तिसरी अकरा दिवसांची. चौथीची पहिली तारीख काल टाकली. नवऱ्याला चिकुनगुनिया झालाय, रात्रीची जागरणं आहेत. आज सकाळी गच्चीवर दहा मिनिटं फिरले आणि खाली येऊन त्याची पेज चुलीवर ठेवली.